पीपीत एचडी मिसळून केलेले टब थंडीत फुटताहेत. एचडी किती कमी करू?

टबवाला_खान्देश

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत माझा छोटा गाळा आहे. ३५० टनी जुनं इंजेक्शन मशीन, एक ग्राइंडर, दाणा कालवायला फिरता ड्रम, चार माणसं. माल एकच, २५ लिटरचा काळा टब. गवंड्यांना जातो, गोठेवाल्यांना जातो.

चार वर्षं एकच रेसिपी आहे: ७० किलो पीपी (पॉलिप्रॉपिलीन), ३० किलो एचडी (हाय डेन्सिटी पॉलिएथिलीन), वर काळा मास्टरबॅच, म्हणजे रंगाचा दाणा. सगळा रिप्रोसेस दाणा, म्हणजे भंगार वितळवून केलेला. माझा हिशोब सरळ होता. पीपी कडक पण थंडीत तडकतं, एचडी मऊ पण थंडीत चिवट. दोन्ही मिसळले की मधलं काहीतरी हाती लागेल. आणि लागलं होतं, खोटं कशाला बोलू. दिवाळीपर्यंत एक तक्रार नाही.

डिसेंबर लागला आणि चोपड्याच्या दुकानदाराने एका खेपेतले ६० टब परत पाठवले. सकाळी १० अंशांच्या थंडीत माणसाने टब ओट्यावर आपटून ठेवला की कानाच्या भोकापासून वर काठाकडे सरळ उभी चीर. जणू विळ्याने कापली. दुसरी गंमत म्हणजे बुडाला जिथे गेटचा (वितळलेला माल साच्यात शिरतो त्या तोंडाचा) ठिपका असतो तिथे नख घातलं तर पापुद्रा निघतो, कांद्यासारखा.

एचडीवाल्याशी भांडून झालं. तो शपथ घेतो की माल तोच आहे. बॅरलचं तापमान २१० वरून २३५ केलं, बॅक प्रेशर वाढवलं. पापुद्रा कमी झाला, फुटणं तसंच. आता एचडी ३० वरून २० वर आणू का? का १०? कोणी केलं असेल तर सांगा. टब गोडाऊनला पडून आहेत आणि रोज त्यांच्याकडे बघून चहा कडू लागतो.

सरळमार्गी

व्हर्जिन (नवा कोरा) दाणा वापरा, प्रश्न संपला.

टबवाला_खान्देश

दादा, प्रश्न संपेल आणि गाळाही संपेल. शेजारचा रिप्रोसेसमध्येच टब काढतो, माझा महाग झाला तर कोण घेईल?

जुना_एक्स्ट्रूडर

भाऊ, ८०:२० करू नका, ९०:१० पण करू नका. प्रमाण हा शेवटचा प्रश्न. मी वापी-सिल्वासा पट्ट्यात ३१ वर्षं कंपाउंडिंग (प्लास्टिक कालवून दाणा करायचं काम) केलं, त्यातली निदान दहा वर्षं लोकांना हेच सांगण्यात गेली की 'पीपी' असं लिहिलेल्या गोणीत काय आहे ते गोणीला माहीत नसतं.

तुम्ही एचडीवाल्याशी भांडलात. पीपीवाल्याला विचारलंत का? चार वर्षं पीपी दाणा कशाचा येत होता आणि दिवाळीनंतर कशाचा येतोय, हे आधी कळवा. एचडी कशाचं आहे तेही सांगा, क्रेटचं की कॅनचं. जुना चांगला टब कुठे पडला असेल तर त्याची बोटभर पट्टी कापा, नव्या टबाचीही कापा. दोन्ही पट्ट्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी हाताने दुमडा. दुमडल्या जागी काय दिसतं ते नीट बघून लिहा.

आणखी एक. एक जुना तवा घ्या (घरचा नको, भांडण माझ्या अंगावर येईल), टेम्परेचर गन लावून १४५ ते १५० अंशांवर धरा, आणि पीपी दाण्याच्या गोणीतले पन्नासेक दाणे पसरा. एचडी साधारण १३० ते १३५ ला वितळतं, पीपी १६० च्या पुढे. तव्यावर जे दाणे पाघळून पारदर्शक होतील ते बहुधा पीपी नव्हेत.

काचबिंदू

पुण्यात पॉलिमरवर पीएचडी केली आहे, आता नोकरी रंगांच्या कंपनीत. आयडीवरून डोळ्यांची डॉक्टर समजू नका. पॉलिमर ज्या तापमानाखाली काचेसारखं कडक होतं त्या बिंदूवरून घेतलाय.

'मधलं काहीतरी मिळेल' या वाक्यावर मला बोलायचंय, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पीपी आणि एचडी वितळवून कितीही घुसळा, ते एकमेकांत विरघळत नाहीत. दोघेही तेलकट, दोघांतही फक्त कार्बन आणि हायड्रोजन. तरी नाही. साखर पाण्यात विरघळते तेव्हा सुटे रेणू पांगतात आणि पांगण्याचे असंख्य मार्ग मिळतात. निसर्गाला ती मोकळीक आवडते. पॉलिमरमध्ये हजारो घटक एका साखळीत बांधलेले असतात. एकाने जायचं तर सगळ्यांनी त्याच्यामागून जायचं. पांगण्याची मोकळीक जवळजवळ उरतच नाही.

फ्लोरी आणि हगिन्स यांनी १९४१-४२ च्या सुमारास, दोघांनी वेगवेगळं, याचं गणित मांडलं. फ्लोरींना पुढे १९७४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या गणितात दोन पदार्थांची एकमेकांवरची नाराजी मोजणारा एक आकडा असतो. त्याचं ग्रीक अक्षर 'काय' असं उच्चारतात. (वर्गात सर विचारायचे, "याची किंमत काय?" आणि मागच्या बाकावरून हमखास उत्तर यायचं, "हो सर, काय.") साध्या लहान रेणूंच्या दोन द्रवांना 'काय' २ होईपर्यंत एकत्र नांदता येतं. दोन्हींच्या साखळ्या १००० घटकांच्या असतील तर ती मर्यादा ०.००२ वर येते. म्हणजे नाराजी नावालाही असली तरी संसार वेगळा.

विरघळणाऱ्या जोड्या आहेत, पण बोटांवर मोजण्याइतक्या. पॉलिस्टायरीन आणि पीपीओ (पॉलिफेनिलीन ऑक्साइड) ही त्यातली नावाजलेली जोडी. ती कुठल्याही प्रमाणात एकजीव होते. स्टायरीनचा काचबिंदू १०० अंशांच्या आसपास, पीपीओचा २१० च्या आसपास, आणि मिश्रणाला दोन नाही, एकच काचबिंदू मिळतो, प्रमाणानुसार मध्ये कुठेतरी. तुम्हाला हवं असलेलं 'मधलं' ते हे. तुमच्या टबात मात्र पीपीचा समुद्र आणि त्यात एचडीची बेटं आहेत. दोघांनी आपापला वितळणबिंदूही सोडलेला नाही. डीएससी यंत्रात (तापवत नेऊन कुठे काय वितळतं त्याचा आलेख काढणाऱ्या) तुकडा घातला तर १३० आणि १६० च्या आसपास दोन स्वतंत्र टेकड्या दिसतील.

मग टब किती चिवट, हे ठरतं बेटं किती बारीक आहेत आणि समुद्राला किती घट्ट चिकटलीत यावर. एक हिशोब करून बघितला. ३० टक्के एचडी, प्रत्येक थेंब १ मायक्रॉन व्यासाचा धरला तर एका घन सेंटिमीटर प्लास्टिकमध्ये, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात, पीपी-एचडीची सीमा भरते १.८ चौरस मीटर. सतरंजीएवढी! ती सतरंजी नीट शिवलेली नसेल तर तुमची चीर तिच्याच कडेने धावते, तिला नवी वाट पाडावी लागत नाही. थेंब १० मायक्रॉनचे असले तर सीमा दहा पट कमी होते, पण प्रत्येक सुटा थेंब म्हणजे आतून तयार असलेलं मोठं भोक. ते आणखी वाईट.

टबवाला_खान्देश

ताई, सतरंजी समजली. 'काय' काय ते अर्धंच समजलं, पण चालेल.

काका, तुमची शाळा करून आलो. पीपी दाणा आधी बॅटरीच्या खोक्यांचा होता, बाजारात पीपीसीपी म्हणतात तो. दिवाळीनंतर पुरवठादाराने गोणीचा दाणा दिला, रॅफिया. म्हणाला, पीपी ते पीपी, उलट हा स्वच्छ आहे. दोन रुपये कमी लावले म्हणून मीही हो म्हटलं. एचडी पहिल्यापासून कॅनचंच.

तव्यावर ५० पैकी ३ दाणे पाघळले, बाकीचे तसेच. म्हणजे पीपी पीपीच आहे.

आता पट्ट्या. जुनी दुमडली तर वळली, तुटली नाही, आणि दुमडल्या जागी काळ्यावर राखाडी रेघ उमटली, पाटीवर खडू ओढल्यासारखी. नवी पट्टी वळवायला गेलो तर अर्ध्यातच कडकन मोडली, तुकडा उडून भिंतीवर. रेघ-बिघ काही नाही. तुटलेली कड भिंगातून पाहिली. कातडीलगत पिंजलेलं लाकूड वाटतं, आतल्या बाजूला सपाट.

जुना_एक्स्ट्रूडर

सापडला चोर. एचडीवाल्याला फोन करून चहा पाजा.

पीपी ते पीपी नसतं. गोणीचं पीपी म्हणजे होमोपॉलिमर. निव्वळ प्रॉपिलीनची साखळी, ओढून पट्टी काढायला उत्तम, पण शून्य अंशाच्या आसपास ते काच होतं आणि १० अंशांवरही त्याला धक्का सोसत नाही. बॅटरीच्या खोक्याचं पीपी म्हणजे इम्पॅक्ट कॉपॉलिमर. नावात कॉपॉलिमर असलं तरी आतून ते स्वतःच एक ब्लेंड असतं. कारखान्यातच, आधी पीपी बनतं आणि पुढच्या रिअ‍ॅक्टरमध्ये त्याच्या पोटात इथिलीन-प्रॉपिलीन रबराचे बारीक थेंब वाढवतात. पट्टी दुमडल्यावरची राखाडी रेघ ही त्या रबराची सही. ताणाखाली रबराच्या थेंबांत आणि त्यांच्या भोवती अतिसूक्ष्म पोकळ्या पडतात, प्रकाश विखुरतो, आपल्याला पांढरं दिसतं. पोकळ्या पाडण्यात धक्क्याची शक्ती खर्ची पडते, म्हणून चीर पुढे पळत नाही. तुम्ही चार वर्षं समजत होतात की टब एचडीमुळे चिवट आहे. तो रबरामुळे चिवट होता.

आणि रबर आणखी एक काम गुपचूप करत होतं. ते अर्धं इथिलीन, अर्धं प्रॉपिलीन, म्हणजे एचडीचाही सोयरा आणि पीपीचाही. वितळलेल्या मिश्रणात ते एचडीच्या थेंबाभोवती जाऊन बसतं. आत एचडी, वर रबराची साल, बाहेर पीपी. पुरणपोळीसारखं म्हणा हवं तर, फक्त इथे पारी मऊ आणि पुरण घट्ट. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, हा पाहुणा दोन्हीकडे जेवून ताईंची सतरंजी शिवत होता. रॅफिया आला, पाहुणा गेला, शिवण उसवली.

आता कानाच्या भोकावरचीच चीर का? टबाचं गेट बुडाच्या मध्यावर. माल वर चढतो, कानाच्या भोकाची पिन लागली की दोन धारा होतात आणि पिनेपलीकडे पुन्हा भेटतात. तिथे वेल्ड लाइन. एका जातीच्या प्लास्टिकलाही ती जागा नाजूक. ब्लेंडमध्ये तर येणाऱ्या धारेच्या तोंडाशी एचडीचे थेंब चपटे होतात आणि भेटीच्या रेषेला समांतर पडतात. भिंत बांधताना वीट आडवी रचायच्या ऐवजी सगळे सांधे एकावर एक आणले तर काय होईल, गवंड्यांनाच विचारा.

पापुद्र्याचं कारण मात्र कॅनचं एचडी. कॅन फुगवून बनतो, त्याचा दाणा मुद्दाम घट्ट असतो, एमएफआय (वितळल्यावर किती सहज वाहतो तो आकडा) १ च्याही खाली. तुमच्या गोण्या वर्षभर उन्हात पडलेल्या असणार, पुन्हा दाणा करताना वितळल्या. पीपीच्या साखळ्या अशा प्रत्येक फेरीत तुटतात आणि ते पातळ होत जातं. एचडी त्या मानाने तसंच राहतं, काही वेळा आणखी घट्ट होतं. पातळ पिठात घट्ट गुठळी फोडून बघा, रवी नुसती फिरते, गुठळी पळते. टेलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात थेंबांवर प्रयोग करून हे दाखवलं, पुढच्यांनी आकडा पक्का केला. साध्या घासण्याच्या प्रवाहात थेंब भोवतालच्या द्रवापेक्षा चारेक पट घट्ट असला की तो फुटतच नाही, नुसता गोल फिरतो. इंजेक्शन मशीनचा सिंगल स्क्रू प्रामुख्याने घासतोच. मग मोठाले थेंब गेटच्या अरुंद तोंडातून जाताना लांबतात, थंड साच्याला लागून पानासारखे थिजतात. तेच तुमच्या नखात येतं. तुम्ही तापमान वाढवलंत, ताण कमी झाला, पापुद्रा कमी झाला. चिकटपणा काही वाढला नाही.

चाकणची_शिफ्ट

वाचतोय, मजा येतेय. आमच्याकडे गाड्यांचे पार्ट, त्यामुळे पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट आणि एबीएस या दोन प्लास्टिकचं मिश्रण) रोजचं. काचबिंदू ताई, तेही एकजीव नाही ना? कागदावर ११० आणि १४५ च्या जवळ दोन टीजी (म्हणजे तुमचे काचबिंदू) दिसतात. तरी धक्का भारी सोसतं.

काचबिंदू

बरोबर. ते न विरघळताही जमलेलं लग्न आहे. एबीएसमधल्या स्टायरीन-अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या भागात अ‍ॅक्रिलोनायट्राइल २५ टक्क्यांच्या आसपास असलं की पीसीला तो आपला वाटतो, सीमा चांगली चिकटते. पीपी-एचडीला अशी आपसूक ओढ नाही, मध्यस्थ लागतो. २०१७ मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या गटाने नेमका याच जोडीसाठी मध्यस्थ बनवला. एकाच साखळीत पीईचा (पॉलिएथिलीनचा, एचडी त्यातलंच) तुकडा, पीपीचा तुकडा, पुन्हा पीईचा, पुन्हा पीपीचा. थोड्याशा टक्क्यांत ठिसूळ मिश्रण ताणलं जाऊ लागलं. जळगावच्या बाजारात मागू नका, मिळणार नाही.

चाकणची_शिफ्ट

मग मी देशी मध्यस्थ सुचवतो. बंपर! गाडीचा बंपर म्हणजे पीपीत भरपूर रबर, थोडी टाल्क (दगडाची मऊ भुकटी). रंग न मारलेले रिजेक्ट बंपर दळून भंगारात जातात. रंगवलेले घेऊ नका. रंगाची टिकली वितळत नाही, प्रत्येक टिकली म्हणजे चिरेचा श्रीगणेशा. आमच्याच लाइनवर एकदा रंगीत दळण चुकून गेलं आणि आख्खी शिफ्ट पार्ट मोडून बघण्यात गेली.

टबवाला_खान्देश

पण काका, सोपं म्हणजे परत बॅटरीच्या दाण्यावरच जातो ना? तो मिळतोय, महाग आहे एवढंच.

जुना_एक्स्ट्रूडर

गोठेवाले टबात काय ठेवतात?

टबवाला_खान्देश

पेंड. सरकी. पाणी.

जुना_एक्स्ट्रूडर

मग नको. बॅटरीच्या खोक्यात शिसं होतं आणि धुणारे कसे धुतात ते मी पाहिलंय. हौदातलं तेच पाणी आठवडाभर. शिशाने जनावर आंधळं होतं, मरतं. चार वर्षं तुमच्या लक्षात आलं नाही, पुरवठादाराने सांगितलं नाही, ठीक. आता कळलं. तो दाणा ज्या कामात कोणी खातपीत नाही तिथे जाऊ द्या.

चाकणवाल्यांचं बरोबर आहे. ५० रॅफिया, ३० बंपर, २० एचडी, आणि एचडी कॅनचं नको, क्रेटचं घ्या. क्रेट इंजेक्शनने बनतो, त्यामुळे दाणा पातळ, थेंब बारीक फुटतील. ड्रममध्ये कालवून थेट हॉपरला टाकू नका. आधी कोणाच्या तरी ट्विन स्क्रूवर (दोन स्क्रूंच्या, नीट घुसळणाऱ्या मशीनवर) एक फेरी मारून दाणा करून आणा. भाड्याने मिळेल. बंपर नाही मिळाला तर पीओई (पॉलिओलेफिन इलॅस्टोमर) रबर ७-८ टक्के घाला. काम उत्तम करतं, पण भाव ऐकून बसायला खुर्ची जवळ ठेवा. पहिली खेप पाच-पन्नास टबांचीच काढा, त्यापुढे नको.

टबवाला_खान्देश

उशिरा लिहितोय, माफी असावी. तीन आठवडे धावपळीत गेले. नाशिकहून बंपरचं बिनरंगी दळण मिळालं, क्रेटचा दाणा भुसावळला. ट्विन स्क्रूवाल्याने चारदा उद्या-उद्या केलं.

परवा ४० टब काढले. रात्री गच्चीवर ठेवले, पहाटे सहाला ९ अंश होते. प्रत्येकात १५ किलो वाळू भरून पोराने छातीच्या उंचीवरून फरशीवर सोडले. ४० पैकी ३८ सलामत. दोन फुटले ते कानाच्या भोकावरच, पण कडकन नाही. चीर बोटभर जाऊन थांबली, आणि तिच्या दोन्ही बाजूला राखाडी रेघ! काका, मी ती रेघ बायकोला दाखवली. ती म्हणाली, फुटलेल्या टबाचं एवढं कौतुक आजवर पाहिलं नाही.

बुडाला नख घातलं, पापुद्रा नाही. टब आधीपेक्षा जरा लवचिक वाटतो, काठ दाबला तर किंचित जास्त आत जातो. गिऱ्हाईक कुरकुरेल का माहीत नाही. कानाची पिन थोडी बारीक करून भोकाभोवती जाडी वाढवायला साचा टूलरूमला दिलाय.

जुने ६० टब दळून टाकले. ते नव्या मालात १० टक्क्यांनी खपवीन म्हणतो. पण अडीच टन रॅफिया दाणा उरलाय, ५० टक्क्यांनी तो संपायला उन्हाळा लागेल. त्याचं काय करू?

जुना_एक्स्ट्रूडर

जळगावात बसून हे विचारताय? बाजूच्या गाळ्यात चटया विणतात ना? तो दाणा मुळात ओढून काडी काढायलाच जन्मलाय. त्यात एचडी कालवलेलं नाही एवढं मात्र त्याला शपथेवर सांगा. आणि तुमच्या तव्यावर पाघळलेले ते ३ दाणे लपवू नका, काडी तिथेच तुटेल आणि तो तुमच्याकडेच येईल.